खाण-भूमि पुनःस्थापन : खर्चाचा अंदाज व हमी

खाणकामामुळे विस्कटलेली जमीन स्थिर, सुरक्षित आणि पुन्हा एखाद्या उपयोगास येईल अशा अवस्थेस आणण्याच्या कामास खाण-भूमीचे पुनःस्थापन म्हणतात. या कामास किती खर्च येईल याचा अंदाज आधीच करून तेवढ्या रकमेचे तारण शासनाने खाणधारकाकडून घ्यावयाचे आणि त्याने काम अर्धवट टाकल्यास त्या रकमेतून ते पुरे करून घ्यावयाचे, ही पद्धत कोळसा व धातुके यांच्या खाणी असलेल्या अनेक देशांत रूढ झाली आहे. अशा तारणास पुनःस्थापन हमी म्हणतात. हमी हा दंड नव्हे व करही नव्हे. काम समाधानकारक रीत्या पुरे झाल्यावर ती खाणधारकास परत मिळावयाची असते.

हमीची गरज खाणधंद्याच्या अर्थकारणातून उत्पन्न होते. कारखान्याची इमारत व यंत्रे कारखाना बंद पडल्यावरही विकता येतात. खाणीची मुख्य मालमत्ता म्हणजे जमिनीतील खनिज, आणि ते दररोज संपत असते. उत्पन्न सर्व आधी आणि साफसफाईचा खर्च सर्व शेवटी, अशी ही रचना आहे. ज्या वर्षी खर्चाची गरज सर्वांत जास्त, त्याच वर्षी खाणीचे उत्पन्न शून्यावर येते. शिवाय अनेक खाणी स्वतंत्र लहान कंपनीच्या नावावर चालविल्या जातात व त्या कंपनीकडे त्या एका खाणीखेरीज दुसरे काहीच नसते. खनिजाचे भाव कोसळले की अशी कंपनी दिवाळे काढते, आणि मागे राहिलेला खड्डा, ढिगारे व दूषित पाणी ही सार्वजनिक जबाबदारी बनते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या प्रश्नाचा सर्वांत तपशीलवार विचार झाला. तेथे वेस्ट व्हर्जिनिया राज्याने १९३९ साली खुल्या कोळसा खाणींचे नियमन करणारा पहिला कायदा केला. परंतु राज्याराज्यांतील नियम भिन्न आणि हमीच्या रकमा नाममात्र असल्याने ॲपालॅचियन पर्वतराजीत हजारो हेक्टर जमीन तशीच टाकून दिली गेली. ३ ऑगस्ट १९७७ रोजी मंजूर झालेल्या संघराज्यीय कायद्याने कोळसा खाणींना हमी सक्तीची केली. हमीची रक्कम इतकी असावी, की खाणधारक नाहीसा झाल्यास नियामक कार्यालयाला त्रयस्थ ठेकेदाराकडून संपूर्ण काम करून घेता येईल, हे या कायद्याचे सूत्र आहे. एका परवान्यासाठी किमान रक्कम १०,००० डॉलर ठरविण्यात आली. जुन्या बेवारस खाणींसाठी कोळशाच्या प्रत्येक टनावर वेगळे शुल्क बसवून निधी उभारण्यात आला. या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या कार्यालयाने हमीची रक्कम कशी काढावी याची पुस्तिका १९८७ मध्ये प्रसिद्ध केली व २००० मध्ये ती सुधारली. पुढे दिलेली रीत मुख्यतः तिला अनुसरून आहे.

अंदाजाची मूलतत्त्वे : अंदाज करताना तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात आणि त्या तिन्ही खाणधारकाला सहसा रुचत नाहीत. पहिली म्हणजे अंदाज खाणधारकाच्या खर्चाचा नसून शासनाच्या खर्चाचा असतो. खाण चालू असताना बुलडोझर, डंपर, चालक, इंधन, कार्यशाळा सर्व जागेवर असते. त्यामुळे खाणधारकास एक घनमीटर माती हलविण्यास जो खर्च येतो त्याहून बराच जास्त खर्च बाहेरून यंत्रे आणणाऱ्या ठेकेदारास येतो. दिवाळ्यात निघालेल्या कंपनीची यंत्रे सर्वप्रथम धनको घेऊन जातात. म्हणून यंत्रे, पोलाद, इमारती यांची भंगार किंमत अंदाजातून वजा करू नये असा संकेत आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे अंदाज सरासरी स्थितीचा नसून सर्वांत वाईट क्षणाचा करावयाचा. खाणीच्या आयुष्यात असा एक टप्पा येतो, की जेव्हा सर्वांत जास्त जमीन उघडी पडलेली असते, खड्डा सर्वांत खोल असतो आणि भरणा मागे पडलेला असतो. कंपनी नेमकी केव्हा बुडेल हे कोणी सांगू शकत नाही. तेव्हा ती त्याच क्षणी बुडेल असे मानून हिशेब करावा लागतो. हा क्षण शोधण्यासाठी खाण आराखड्यातील वर्षवार नकाशे एकमेकांवर ठेवून पाहतात. जो खाणधारक उत्खननाच्या मागोमाग भरणा व लागवड करीत जातो त्याचा हा कमाल बोजा कमी भरतो व हमीही कमी लागते. हमीचा एक अप्रत्यक्ष पण मोठा उपयोग असा, की चालढकल करणे तिच्यामुळे महाग पडते.

तिसरे गृहीत असे, की मान्य आराखड्यात जे लिहिले आहे तेच काम मोजावयाचे. आराखड्यात ‘ढिगाऱ्यांचे योग्य सपाटीकरण करण्यात येईल’ एवढेच वाक्य असेल, तर त्यावरून खर्च काढता येत नाही. उतार किती, मातीचा थर किती जाड, खड्ड्याचे काय करावयाचे, हे अंकांत लिहिलेले असावे लागते. अंदाज करण्याच्या निमित्ताने आराखड्यातील अशी पोकळ विधाने उघडी पडतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

माती हलविण्याचा हिशेब : खुल्या खाणीच्या पुनःस्थापनात सर्वांत मोठा खर्च माती व खडक हलविण्याचा असतो. खनिजावरील जे थर काढून टाकावे लागतात त्यांस ओव्हरबर्डन म्हणतात. फोडलेला खडक मूळ जागेतल्यापेक्षा फुगतो. सुट्या अवस्थेत वालुकाश्म मूळ घनफळाच्या सु. सव्वा ते दीडपट जागा व्यापतो व दबल्यावरही तो पूर्णपणे मूळ घनफळावर येत नाही. खड्ड्याचे घनफळ जागेवरच्या खडकाचे आणि ढिगाऱ्याचे घनफळ सुट्या खडकाचे असल्यामुळे दोहोंची गल्लत झाली, तर केवळ एवढ्यानेच अंदाज एकतृतीयांशाने चुकू शकतो.

डंपरने ओतलेल्या ढिगाऱ्याची बाजू स्वाभाविकपणे सु. ३७° च्या उतारावर स्थिरावते. या उतारावर माती टिकत नाही, पावसात घळी पडतात आणि झाडे रुजत नाहीत. म्हणून उतार सौम्य करावा लागतो. ढिगाऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागातील माती कापून ती खालच्या अर्ध्या भागापुढे ढकलली, तर ढिगाऱ्याच्या प्रत्येक मीटर लांबीमागे हलवावी लागणारी माती पुढील सूत्राने मिळते : ढिगाऱ्याच्या उंचीचा वर्ग भागिले ८, गुणिले नव्या व जुन्या उतार-कोनांच्या कोटिस्पर्शकांमधील (कोनाच्या पायाचे उंचीशी असलेल्या गुणोत्तरांमधील) फरक. ३० मी. उंचीचा ढिगारा ३७° वरून एकास तीन (सु. १८.४°) या उतारावर आणावयाचा असेल, तर मीटरमागे सु. १८८ घ. मी. माती हलवावी लागते. तोच ढिगारा केवळ २८° वर आणावयाचा असेल, तर ६२ घ. मी. पुरतात. भारतात ढिगाऱ्यांचा एकंदर उतार २८° पेक्षा जास्त नसावा अशी अट पर्यावरणीय मंजुरीत सामान्यतः घातली जाते; म्हणजे नियमातील उताराचा हा एक आकडाच खर्चात तिपटीचा फरक पाडतो.

या सूत्रातील उंचीचा वर्ग ध्यानात घेण्याजोगा आहे. ढिगारा ३० मी. ऐवजी एकसंध ६० मी. उंच असेल, तर माती चौपट हलवावी लागते. शिवाय ती ढकलण्याचे अंतरही दुप्पट होते, म्हणजे यंत्रांचे एकूण काम जवळजवळ आठपट वाढते. ढिगारा पायऱ्यापायऱ्यांनी रचावा असा आग्रह धरला जातो त्याचे एक कारण हेच आहे. उंच ढिगारा रचणे खाणधारकास स्वस्त पडते, कारण त्याला कमी जमीन लागते. पण ही बचत पुनःस्थापनाच्या खर्चाच्या रूपाने पुढे ढकललेली असते.

माती किती, हे समजल्यावर ती किती अंतरावर न्यावयाची हे पाहून यंत्र निवडतात. बुलडोझरने ढकलणे सामान्यतः शंभर मीटरच्या आतबाहेरच परवडते, कारण पात्यापुढील माती वाटेत दोन्ही बाजूंना सांडत जाते. मध्यम अंतरास स्क्रेपर आणि त्यापुढे एक्स्कॅव्हेटर व डंपर वापरतात. यंत्राची ताशी क्षमता उत्पादकाच्या पुस्तिकेतून घेऊन तीत चालकाचे कौशल्य, चढ-उतार, मातीचा प्रकार, तासातील प्रत्यक्ष कामाची मिनिटे इत्यादींसाठी घट करावी लागते. पुस्तिकेतील क्षमता आदर्श स्थितीतील असते. विदर्भातील काळ्या मातीत पावसाळ्यात यंत्रे रुततात, हे तीत लिहिलेले नसते.

सुपीक माती हा वेगळा विषय आहे. एक हेक्टर जमिनीवर ३० सेंमी. जाडीचा थर पसरण्यास ३,००० घ. मी. माती लागते. खाण सुरू करताना ती वेगळी काढून साठविली असेल, तरच एवढा हिशेब पुरतो. ओव्हरबर्डनमध्ये मिसळली गेली असेल, तर ती बाहेरून आणावी लागते किंवा कृत्रिम रीत्या सुपीक करावी लागते. अनेक वर्षे उंच ढीग करून ठेवलेल्या मातीतील सूक्ष्मजीव व बीजे नष्ट होत जातात. नागपूरजवळील गुमगाव येथील मँगॅनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) साखर कारखान्यांतील प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि मुळांशी सहजीवन करणारी कवके यांच्या साहाय्याने झाडे वाढवून दाखविली. निर्जीव खडकाच्या चुऱ्यावर केवळ खड्डे खणून रोपे लावणे पुरत नाही, हे या कामावरून दिसते. लागवडीच्या अंदाजात म्हणूनच रोपांच्या किंमतीबरोबर भर, पाणी, राखण आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याचा खर्च धरावा लागतो.

उदाहरण : रीत स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित खुली कोळसा खाण घेऊ. येथील दर केवळ स्पष्टीकरणार्थ धरलेले आहेत. खाणीने व्यापलेले क्षेत्र ३०० हेक्टर असून कमाल बोजाच्या वर्षी त्यांपैकी १२० हेक्टरांवर माती पसरणे व लागवड करणे बाकी आहे. बाहेरील ढिगारा ३० मी. उंच व ४ किमी. लांब आहे. तो एकास तीन उतारावर आणण्यासाठी ७.५२ लाख घ. मी. माती, घनमीटरला ६० रु. दराने ४.५१ कोटी रु.; ३० सेंमी. जाडीची ३.६ लाख घ. मी. सुपीक माती पसरण्यास ९० रु. दराने ३.२४ कोटी रु.; लागवड व राखण हेक्टरी दीड लाखाप्रमाणे १.८० कोटी रु.; इमारती, पट्टे, रस्ते काढणे व कुंपण यांस १.२० कोटी रु.; आणि शेवटचा खड्डा भूजलपातळीच्या वरपर्यंत भरण्यासाठी अंतर्गत ढिगाऱ्यातील ४० लाख घ. मी. खडक ८० रु. दराने ३२ कोटी रु. प्रत्यक्ष खर्चाची बेरीज ४२.७५ कोटी रु. होते.

हमीचे पुनर्विलोकन पाच वर्षांनी होणार असेल, तर मधल्या भाववाढीची तरतूद आजच करावी लागते. वार्षिक ५ टक्के दराने पाच वर्षांत खर्च १.२७६ पट, म्हणजे ५४.५६ कोटी रु. होतो. यानंतर अप्रत्यक्ष खर्च येतात : यंत्रे जागेवर आणणे व परत नेणे, अनपेक्षित अडचणी, आराखड्याची नव्याने आखणी, ठेकेदाराचा नफा व कार्यालयीन खर्च आणि देखरेख. आराखडा नव्याने आखावा लागतो, कारण कंपनी बुडते त्या वेळी जमीन कागदावरील नकाशाप्रमाणे नसते. ही सर्व कलमे मिळून ३३ टक्के धरल्यास हमीची रक्कम सु. ७२.६ कोटी रु., म्हणजे हेक्टरी २४ लाख रुपयांच्या किंचित वर जाते.

आता याच हिशेबातून खड्डा भरण्याचे कलम काढून टाकले, तर प्रत्यक्ष खर्च १०.७५ कोटी रु. आणि हमी १८.२५ कोटी रु., म्हणजे हेक्टरी सु. ६ लाख रु. होते. इतर सर्व कलमांची काटकसर एकत्र केली तरी एवढा फरक पडत नाही. शेवटचा खड्डा भरावयाचा की पाण्याने भरू द्यावयाचा, हा एकच निर्णय संपूर्ण अंदाजावर अधिकार गाजवतो. अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्याने जमिनीचा ढोबळमानाने मूळ आकार परत आणण्याचे बंधन घातले. भारतात बहुतेक खुल्या कोळसा खाणींत शेवटी जलाशय राहील असेच आराखड्यात दाखविले जाते. जलाशय हा काही ठिकाणी खरोखर उपयोगी असतो. परंतु तो भरण्याचा खर्च टळतो म्हणून स्वीकारला की लोकांना हवा म्हणून, हे आराखडा वाचून नेहमी कळतेच असे नाही.

पाण्याचा प्रश्न : माती एकदा हलविली की तो खर्च संपतो. पाण्याचे तसे नाही. ज्या खडकांत लोह सल्फाइडे असतात ते उघडे पडले, की हवा व पाणी यांच्या संयोगाने अम्ल तयार होते आणि तांबे, जस्त, आर्सेनिक यांसारखी मूलद्रव्ये विरघळवून बाहेर आणते. ही क्रिया शतकानुशतके चालू राहू शकते. अशा पाण्याच्या शुद्धीकरणासाठी दरवर्षी ठराविक खर्च कायमचा करावा लागणार असेल, तर आज किती रक्कम बाजूला काढावी याचे गणित सोपे आहे : वार्षिक खर्चास, भाववाढ वजा जाता मिळणाऱ्या व्याजदराने भागावयाचे. वर्षाला १ कोटी रु. खर्च असेल आणि निव्वळ व्याज ५ टक्के मिळणार असेल, तर २० कोटी रु. लागतात, ३ टक्के मिळाल्यास ३३ कोटी, २ टक्के मिळाल्यास ५० कोटी. गणित सोपे असले तरी पुढील शंभर वर्षांचा व्याजदर कोणासच ठाऊक नाही, आणि वादाचा मुद्दा नेहमी याच ठिकाणी येतो.

कोलोरॅडो राज्यातील समिटव्हिल ही सोन्याची खाण या बाबतीतील ठळक उदाहरण मानली जाते. डोंगरमाथ्यावरील या खाणीत १९८६ पासून धातुकाचे ढीग रचून त्यांतून सायनाइडच्या विद्रावाने सोने काढले जात असे. डिसेंबर १९९२ मध्ये कंपनीने दिवाळे काढले. विद्रावाची टाकी ओसंडू नये म्हणून संघराज्य शासनाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला तत्काळ जागा ताब्यात घ्यावी लागली. कंपनीने दिलेली हमी काही दशलक्ष डॉलरांचीच होती. साफसफाईचा खर्च १५ कोटी डॉलरांच्याही पुढे गेला. हमीचा अंदाज मुख्यतः माती व लागवडीचा होता, पाण्याचा नव्हता. कॅनडातील यलोनाइफ येथील जायंट खाणीत सोन्याच्या धातुकाच्या भाजणीतून निघालेली सु. २.३७ लाख टन आर्सेनिक ट्राय-ऑक्साइडाची भुकटी जमिनीखालील कोठारांत साठविलेली आहे. १९९९ मध्ये तेथील कंपनी दिवाळ्यात निघाल्यावर सर्व भार सरकारवर पडला. २०२२ मध्ये या कामाचा अंदाज ४.३८ अब्ज कॅनेडियन डॉलर सांगण्यात आला.

जर्मनीने वेगळा मार्ग धरला. रूर भागात दीड-दोनशे वर्षांच्या कोळसा उपशाने जमीन खचली असून पंप थांबविले तर विस्तीर्ण वस्ती पाण्याखाली जाईल. तेथील दगडी कोळशाच्या शेवटच्या खाणी डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाल्या. त्याआधीच, २००७ मध्ये, एक प्रतिष्ठान स्थापून खाण कंपनीची मालमत्ता त्याच्याकडे सोपविण्यात आली आणि तिच्या उत्पन्नातून पाणी उपसण्याचा खर्च २०१९ पासून भागविला जात आहे. अशा कामांना जर्मन व्यवहारात ‘अनंतकाळची कामे’ असे नाव आहे. आरंभी त्यांचा अंदाज वर्षाला सु. २२ कोटी यूरोचा होता.

हमीचे प्रकार : रोख ठेव वा सरकारी रोखे ही सर्वांत भक्कम हमी होय, पण तीत खाणधारकाचे भांडवल अडकून पडते. बँक हमी व पतपत्र यांत बँक जबाबदारी घेते. जामीन कंपनी ठराविक शुल्क घेऊन जामीनपत्र देते व खाणधारक चुकल्यास पैसे भरते. जामीन कंपनी स्वतःच्या पैशाची काळजी म्हणून खाणधारकाची ऐपत तपासते. ही तपासणी शासनाच्या तपासणीपेक्षा अनेकदा काटेकोर असते.

सर्वांत कमकुवत प्रकार म्हणजे स्वहमी. आर्थिक स्थिती चांगली असलेल्या कंपनीने केवळ लेखी वचन द्यावयाचे आणि प्रत्यक्ष तारण काहीच ठेवावयाचे नाही, असा हा प्रकार आहे. कोळशाचा धंदा तेजीत असताना अमेरिकेत त्याचा प्रसार झाला. २०१५–१६ मध्ये कोळशाचे भाव घसरून अल्फा नॅचरल रिसोर्सेस, आर्च कोल व पीबॉडी या मोठ्या कंपन्या एकामागून एक दिवाळखोरीच्या न्यायालयात गेल्या, तेव्हा वचन देणाराच बुडाल्यावर वचनाचा उपयोग काय, हा प्रश्न उभा राहिला. वायोमिंग राज्यात अल्फा कंपनीची स्वहमी ४१.१ कोटी डॉलरची होती. न्यायालयीन कामकाजात राज्याने ६.१ कोटी डॉलरच्या अग्रक्रमाच्या दाव्यावर तात्पुरता समझोता केला. पुनर्रचनेनंतर या कंपन्यांच्या स्वहमीची जागा यथावकाश जामीनपत्रे इ. तारणांनी घेतली. हमी ज्या संकटासाठी घ्यावयाची, तेच संकट तिला निकामी करणारे असेल तर ती हमी नव्हे, ही यातील तार्किक विसंगती आधीही अनेकांनी दाखविली होती.

सामुदायिक निधी हा आणखी एक पर्याय. ऑस्ट्रेलियातील वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने २०१२ मध्ये कायदा करून खाणीखाणीगणिक हमी घेण्याऐवजी निधी उभारला. प्रत्येक खाणधारक आपल्या क्षेत्राचा पुनःस्थापन खर्च ठराविक प्रमाण-दरांनी काढतो व त्याच्या १ टक्का रक्कम दरवर्षी निधीत भरतो. ५०,००० डॉलर वा त्याहून कमी बोजा असलेल्यांस सूट आहे. भरलेली रक्कम परत मिळत नाही; मात्र भांडवल मोकळे राहते, आणि निधीचे व्याज जुन्या बेवारस खाणींवर खर्च करता येते. विमा-व्यवसायाचेच हे तत्त्व आहे. एखाद्या लहान खाणीच्या दिवाळ्याला असा निधी सहज तोंड देतो. एकाच वेळी अनेक मोठ्या खाणी बुडाल्यास तो अपुरा पडेल. पेनसिल्व्हेनियात एकरी सरसकट दराने घेतलेली हमी व पूरक निधी यांची जोडपद्धती होती. ती अपुरी ठरल्यावर २००१ पासून कोळसा खाणींना पूर्ण खर्चावर आधारित हमी लागू करण्यात आली.

हमी परत करणे : अमेरिकेच्या कायद्यानुसार हमी तीन टप्प्यांत सोडतात. भरणा, सपाटीकरण व जलनिःसारण पुरे झाल्यावर ६० टक्क्यांपर्यंत रक्कम मुक्त होते. वनस्पती रुजल्यावर दुसरा हप्ता सुटतो. परंतु ती मेल्यास त्रयस्थाकडून पुन्हा लागवड करता येईल एवढी रक्कम राखून ठेवतात. शेवटचा हप्ता शेवटच्या लागवडीनंतर पाच वर्षांनी, आणि वार्षिक पाऊस २६ इंच (६६० मिमी.) वा त्याहून कमी असलेल्या प्रदेशात दहा वर्षांनी मिळतो. कोरड्या मुलखात लागवड जगली की नाही हे कळण्यास दोन-तीन अवर्षणे जावी लागतात.

भारतातील स्थिती : खनिज संवर्धन व विकास नियम, १९८८ यांत २००३ साली दुरुस्ती होऊन कोळसा, अणुखनिजे व गौण खनिजे सोडून इतर खाणींना खाण बंद करण्याची योजना व आर्थिक हमी आवश्यक झाली. यांत्रिकीकृत म्हणजे ‘अ’ वर्गाच्या खाणींस वापरातील क्षेत्राच्या हेक्टरी २५,००० रु. व ‘ब’ वर्गास १५,००० रु. असे दर होते. वर दिलेल्या हिशेबाशी ताडून पाहिल्यास, हेक्टरी ३,००० घ. मी. माती पसरण्यासच ही सर्व रक्कम खर्च करावयाची म्हटली, तरी घनमीटरला जेमतेम सव्वाआठ रुपये हाती राहतात. २०१७ च्या नव्या नियमांनी हे दर अनुक्रमे ३ लाख व २ लाख रु. केले आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५ लाख व ३ लाख रु. केले.

या दरांतील उणीव गोव्यात प्रकर्षाने दिसली. पोर्तुगीज काळातील परवान्यांवर चालणाऱ्या तेथील लोहधातुक खाणींचे पट्टे लहान, खड्डे खोल व भूजलपातळीच्या खाली गेलेले, आणि टाकाऊ मातीचे ढिगारे अनेकदा पट्ट्याबाहेर रचलेले. ३,००० मिमी.च्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात ढिगाऱ्यांवरील गाळ भातशेतीत व नाल्यांत उतरतो. २०१२ मध्ये खाणकाम थांबले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली असल्याचा निर्णय दिला, आणि २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले ८८ पट्टे रद्द केले. खाणकाम अशा रीतीने एकाएकी थांबते, तेव्हा पंप कोणी चालवावयाचे व ढिगाऱ्यांच्या पायथ्याच्या भिंती कोणी राखावयाच्या, हा प्रश्न तत्काळ उभा राहतो. १०० हेक्टर वापरातील क्षेत्राच्या खाणीस २००३ च्या दराने हमी २५ लाख रु. भरते. ‘अंदाज सर्वांत वाईट क्षणाचा करावा’ या तत्त्वाचा अर्थ येथे सहज ध्यानात येतो.

कोळसा खाणींसाठी कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत खुल्या खाणीस हेक्टरी ६ लाख रु. व भूमिगत खाणीस १ लाख रु. असा खर्च धरण्यात आला. २०२० मध्ये हे दर एप्रिल २०१९ च्या किंमतींवर ९ लाख व दीड लाख रु. करून ठोक किंमत निर्देशांकाशी जोडण्यात आले. एकूण रकमेस खाणीच्या आयुष्याच्या वर्षांनी भागून येणारा हप्ता दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढवीत एस्क्रो खात्यात, म्हणजे अटी पुऱ्या झाल्याशिवाय काढता न येणाऱ्या बँक खात्यात, भरावयाचा असतो. केलेल्या कामाची तपासणी होऊन जमा रकमेचा काही भाग दर पाच वर्षांनी परत मिळू शकतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर क्षेत्रावर पुन्हा गवत उगवून देण्याची अट पट्ट्यांत घालण्याचा आदेश दिला.

हेक्टरी सरसकट दर प्रशासनास सोयीचा आहे. तो मोजण्यास नकाशा व गुणाकार पुरतो, आणि त्यावर तंटा होत नाही. परंतु ४० मी. खोल खाण आणि २०० मी. खोल खाण त्यात एकाच मापाने मोजली जाते. हप्त्यांच्या रचनेतही एक अडचण आहे. ३०० हेक्टर व ३० वर्षे आयुष्याच्या खाणीचा ९ लाख दराने एकूण खर्च २७ कोटी रु. धरला, तर पहिला हप्ता ९० लाखांचा आणि तिसावा ३.७ कोटींचा येतो. पाच वर्षांच्या शेवटी व्याज वगळता सु. ५ कोटी रु. जमा असतात. खुल्या खाणीत मात्र पहिल्या पाच-सात वर्षांतच आरंभीचा मोठा छेद घेतला जातो आणि आत भरण्यास जागा नसल्याने सर्व ओव्हरबर्डन बाहेर टाकले जाते; म्हणजे बोजा लवकर चढतो व ठेव सावकाश चढते. चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील वर्धा खोऱ्यात असे बाहेरील ढिगारे काळ्या मातीच्या सपाट मुलखात दुरून टेकड्यांसारखे दिसतात.